शेवटच्या चार घरांच्या आधी

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात गेन्सथॉर्प नावाची जागा आहे. आज तिथे कुरण आहे आणि कुरणाखाली एक गाव आहे. गल्ल्या, घरांची जोती, परसांचे बांध हे सगळे उंचसखल मातीत अजून ओळखू येते. सतराव्या शतकाच्या शेवटी अब्राहम द ला प्राईम नावाचा एक तरुण पाद्री ते पाहायला गेला. आसपासचे लोक सांगत की हे दरोडेखोरांचे गाव होते; जाच असह्य झाला तेव्हा शेजारच्यांनी एकजुटीने येऊन ते उद्ध्वस्त केले. प्राईमने ही हकीकत ऐकून घेतली, पण रोजनिशीत मत नोंदवले ते निराळेच. त्याच्या मते हे गाव काळाने, गरिबीने आणि गुराचराईने खाऊन टाकले असावे.

तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची समज मला आजच्या पुष्कळ पर्यटन-पुस्तिकांपेक्षा पक्की वाटते. गाव नाहीसे झाले म्हटले की लोकांना एक घाव आणि एक आरोपी हवा असतो. पूर्वी दरोडेखोर होते, आता त्यांची जागा प्लेगने घेतली आहे. इंग्लंडच्या कुठल्याही ओसाड मध्ययुगीन गावठाणावर उभे राहून विचारा, दहातले आठ जण १३४८-४९ च्या काळ्या मृत्यूचे नाव घेतील. ते उत्तर सोपे आहे, भयंकर आहे आणि त्यात कोणा जिवंत माणसाकडे बोट दाखवावे लागत नाही. बहुतेक ठिकाणी ते चूकही आहे.

साथीने माणसे मारली. एक तृतीयांश ते निम्मी प्रजा त्या दोन वर्षांत गेली, याबद्दल इतिहासकारांत फारसा वाद नाही. पण बहुतेक गावे साथीने मेली नाहीत. रिकाम्या पडलेल्या घरात पुन्हा कोणी राहायला येऊ नये अशी परिस्थिती तयार होते तेव्हा गाव मरते. ती परिस्थिती माणसे तयार करतात; त्यांतली काही गावात राहणारी असतात, काही गावाची मालक असतात. हे नीट पाहायचे तर पूर्ण ओसाड झालेल्या गावांपेक्षा आक्रसलेल्या वस्त्यांकडे पाहावे लागते. ओसाड गावे इंग्लंडमध्ये तीन हजारांच्या आसपास नोंदली गेली आहेत. पूर्वी तीस उंबऱ्यांच्या असलेल्या आणि आज दोन-तीन घरांवर आलेल्या वस्त्या त्याहून पुष्कळ अधिक आहेत. त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले, कारण त्यांच्या गोष्टीला शेवट नाही.

अशी वस्ती ओळखायला फार विद्या लागत नाही. दोन-तीन शेतघरे असतात. वस्तीच्या मानाने चर्च अवाढव्य असते. डांबरी रस्ता जिथे वळतो, तिथून सरळ पुढे कुरणात एक खोलगट वाट निघते. शतकानुशतके गाड्यांनी आणि गुरांच्या खुरांनी खाली दबलेला तो जुना गावरस्ता असतो. त्याच्या दोन्ही अंगांना चौकोनी उंचवटे, म्हणजे घरठाणे. प्रत्येकाच्या मागे परसाची लांबट पट्टी, आणि त्यापलीकडे सरी-वरंबे. हे वरंबे हंगामापुरते केलेले नसतात. नांगराने माती वर्षानुवर्षे पट्टीच्या मध्याकडे पलटून पलटून ते घडलेले असतात. उलट्या एस अक्षरासारखा त्यांना हलका बाक असतो, कारण बैलांची लांबलचक जोडणी शेताच्या टोकाला वळवायची तर आधीपासूनच तिरके चालावे लागे. बैल गेले, नांगरणारे गेले, गावही गेले. वळायची ती अडचण मात्र जमिनीत राहिली.

या सगळ्याचा सर्वांत सखोल अभ्यास यॉर्कशायरच्या वॉरम पर्सी या गावात झाला. खडूच्या टेकड्यांमधल्या एका दरीच्या कडेला हे गावठाण आहे. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक १९४८ मध्ये तिथे पोचला आणि १९५० मध्ये त्याने खणायला सुरुवात केली. दोन वर्षांनी जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ त्याला येऊन मिळाला. तेव्हापासून १९९० पर्यंत दर जुलैत विद्यार्थी, शिक्षक, हौशी लोक येत, राहत आणि खणत. चाळीस उन्हाळे एकाच गावाला दिले गेले. बेरेसफर्डला मुळात एवढेच हवे होते की हे गाव कधी ओस पडले. हर्स्टने भिंतीच्या कडेने चर खणण्याची जुनी पद्धत सोडून डेन्मार्कमधल्या पद्धतीप्रमाणे मोठे क्षेत्र एकदम उघडायला घेतले आणि प्रश्न बदलला. मध्ययुगीन घरांखाली त्याआधीच्या काळातल्या, थेट रोमन आणि त्याहून जुन्या वसाहतींच्या खुणा निघाल्या. गाव कधी मेले हे विचारायला गेलेल्यांना ते किती वेळा बदलत जगले हे दिसू लागले.

घरांचे प्रकरण इथे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण माझ्या दृष्टीने सगळा वाद त्यात सामावला आहे. उत्खननात ज्या भिंती निघाल्या त्या खडूच्या ओबडधोबड दगडांच्या, पातळ, कुठे वाकड्या, कुठे एकमेकींवर चढलेल्या. एकाच जागेवर घर पुन्हा पुन्हा बांधल्यासारखे दिसे. त्यावरून अनुमान निघाले की मध्ययुगीन शेतकऱ्याचे घर तकलादू असे, जेमतेम एक पिढी टिके, मग पडे आणि नव्याने उभे करावे लागे. हे अनुमान बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. स्टुअर्ट रॅथमेल या पुरातत्त्वज्ञाने तोच पुरावा पुन्हा तपासला आणि १९८९ मध्ये निराळा अर्थ मांडला. त्याचे म्हणणे असे, की या भिंतींवर छपराचा भार नव्हताच. नैसर्गिक बाक असलेल्या लाकडांच्या जोड्या जमिनीवरच्या सपाट दगडांवर टेकवून शेंड्याला एकत्र बांधत आणि सगळे छप्पर त्या सांगाड्यावर पेलले जाई. मधली भिंत म्हणजे नुसता आडोसा. ती ढासळली की पुन्हा रचायची. सांगाडा पिढ्यानपिढ्या तसाच उभा. उत्खननात तो दिसला नाही, कारण गाव सुटले तेव्हा किमती लाकूड उचलून नेले गेले. मागे उरला तो कमी मोलाचा भाग, आणि त्यावरून आपण माणसांची किंमत केली.

घर तकलादू होते असे मानले, की त्यात राहणारे सोडून गेले याचे कारण शोधायची गरज उरत नाही. झोपडी होती, मोडली, गेले. घर भक्कम होते, त्यात लाकूड गुंतले होते, एका छपराखाली माणसे, गुरे आणि बी-बियाणे होते असे मानले, की ते सोडणे हा मोठा निर्णय ठरतो. त्या निर्णयाला कारणे असतात आणि ती इतिहासकाराला शोधावी लागतात. गरिबाच्या आयुष्याला आपण किती कारणे असू देतो, यावर आपला इतिहास किती खोल जाईल ते ठरते.

आता वॉरमच्या कागदपत्रांतले आकडे पाहा. १३२३ मध्ये, म्हणजे प्लेगच्या पंचवीस वर्षे आधी, गावच्या दोन्ही पाणचक्क्या मोडकळीला आल्या होत्या आणि बरीच जमीन पडीक होती. १३१५ ते १३१७ चा दुष्काळ मागे पडला होता, १३२२ मध्ये स्कॉट फौजांनी यॉर्कशायर लुटले होते. मग साथ आली. तरीही १३६८ च्या नोंदीत सुमारे तीस घरे नांदती दिसतात. गाव कोसळले होते आणि सावरले होते. १४५८ मध्ये सोळा घरे. आणि १५१७ मध्ये कार्डिनल वुल्झीने नेमलेल्या चौकशीत नोंद झाली, की १४८८ नंतर कधीतरी जमीनदार बॅरन हिल्टन याने इथले चार नांगर बंद पाडले आणि चार घरे जाऊ दिली. तीस, सोळा, चार, शून्य.

या चौकशीमागचे कारण समजण्यासारखे आहे. लोकरीला भाव होता, धान्याला नव्हता. नांगराखालच्या जमिनीला माणसे लागतात. कुरणाला एक मेंढपाळ आणि कुत्रा पुरतो. वॉरिकशायरच्या जॉन राऊस या पाद्र्याने पंधराव्या शतकातच आपल्या भागातल्या उजाड गावांची यादी करून जमीनदारांना फटकारले होते. राजाने १४८९ मध्ये गावे उजाड करण्याविरुद्ध कायदा केला. वॉरिकशायरमधल्याच स्ट्रेटन बास्करव्हिल या गावी हेन्री स्मिथ याने १४९४ मध्ये ६४० एकर जमीन कुंपणात घेतली, ऐंशी माणसे घराबाहेर पडली आणि चर्चमध्ये जनावरे निवाऱ्याला शिरू लागली, अशी नोंद चौकशीच्या कागदांत आहे. थॉमस मोरने १५१६ च्या ‘युटोपिया’त मेंढ्या माणसांना गिळतात असा आरोप केला, तो याच काळातला. बेरेसफर्डने १९५४ मध्ये हरवलेल्या गावांवर ग्रंथ लिहिला, त्यातही मुख्य आरोपी हाच होता: साधारण १४५० नंतर मेंढ्यांसाठी कुळे काढणारा जमीनदार.

या मांडणीला क्रिस्टोफर डायर या इतिहासकाराने मोठी दुरुस्ती केली. त्याने पश्चिम मिडलंड्सच्या जमीनदाऱ्यांचे हिशेब आणि न्यायसभांची दफ्तरे पाहिली. तिथे दिसले, की पुष्कळ गावे कुंपण पडण्याच्या कितीतरी आधी आतून पोकळ झाली होती आणि ती पोकळ करणारे खुद्द शेतकरी होते. साथीनंतर जमीन मुबलक झाली, माणसे कमी. पाच कोसांवर कमी खंडाने, वेठीचा बोजा नसलेली जमीन मिळत असेल तर इथे का राहायचे? १३५१ च्या कायद्याने मजुरी जुन्या दरावर गोठवायचा आणि मजुरांना जागेवर अडकवायचा प्रयत्न झाला, तरी माणसे जात राहिली. अनेक जमीनदार कुळे टिकावीत म्हणून खंड उतरवत होते, पडकी घरे दुरुस्त करायला बजावत होते. मेंढ्या कित्येकदा माणसांच्या मागून आल्या.

मला ही दुरुस्ती महत्त्वाची वाटते, कारण ती त्या माणसांना त्यांचे पाय परत देते. गुलामीसारख्या कुळव्यवस्थेतून निघून जाणारा शेतकरी हा बळी नव्हता. त्याने साथीनंतरची संधी हेरली होती. तीस घरांची सोळा झाली त्यात किती कुटुंबांचे भले झाले असेल, हे ओसाड गावावर हळहळणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पण याच ठिकाणी सावध राहायला हवे. डायरची मांडणी उचलून काही जण पुढे म्हणतात, की मग गावे आपोआपच संपली, जमीनदाराने फक्त उरलेसुरले आवरले. हे मला मान्य नाही. एकत्र नांगरायची, पडीक जमिनीवर गुरे एकत्र चारायची शेती ठरावीक माणसांशिवाय चालत नाही. जोडणीला बैल घालणारा शेजारी गेला की उरलेल्याची नांगरट अडते. चर्चची डागडुजी, वाटांची निगा, गुरांची राखण हे सगळे कमी खांद्यांवर येते. एकेक घर उठते तसे पुढच्याला उठणे सोपे आणि राहणे अवघड होत जाते. या उतरणीच्या तळाशी जी चार घरे उरतात, ती बहुधा जाऊ न शकणाऱ्यांची किंवा न जाऊ इच्छिणाऱ्यांची असतात. आधीचे सव्वीस स्वखुशीने गेले म्हणून या चौघांना काढणे स्वाभाविक ठरत नाही. आक्रसणे हा शेकडो लहान निर्णयांचा परिणाम असतो. शेवटचा निर्णय एकाचा असतो आणि त्याच्या हाती सत्ता असते. दोन्ही गोष्टी एकाच गावाबद्दल खऱ्या आहेत, आणि एकीच्या आड दुसरी लपवता कामा नये.

हवामानाचा मुद्दा बरेच जण पुढे करतात. काही जागी तो खरा आहे. डार्टमूरच्या माळावर हाऊंड टॉर नावाची वाडी आहे. तिथल्या कोठारांत धान्य वाळवायच्या भट्ट्या सापडल्या, म्हणजे कापणीनंतरही दाणा ओला राहण्याची पंचाईत होती. चौदाव्या शतकात ती वाडी सुटली. पण वॉरमला हे उत्तर लावून पाहा. वॉरमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या क्षेत्रात, आणखी चार वस्त्या होत्या: थिक्सेनडेल, रेस्थॉर्प, बरडेल आणि टाऊथॉर्प. खडूची जमीन तीच, पाऊस तोच, साथ तीच. थिक्सेनडेल आजही नांदते गाव आहे. बाकीच्या तिन्ही वस्त्या वॉरमसारख्याच उठल्या किंवा एखाद्या शेतघरावर आल्या. आभाळ सगळ्यांवर एकच असताना निकाल निराळे लागत असतील, तर कारण जमिनीच्या हक्कांत आणि माणसांच्या हिशेबांत शोधावे लागेल.

वॉरमला ‘ओसाड’ म्हणणेही पूर्ण खरे नाही. शेवटची चार घरे गेल्यावरही पाद्र्याचे घर तिथे होते. १७७० च्या दशकात नव्या पद्धतीच्या शेतीसाठी इमारती उभ्या राहिल्या, पुढच्या शतकात शेतमजुरांची घरे आली. चर्च तर चालूच होते, कारण थिक्सेनडेलच्या लोकांना १८७० पर्यंत स्वतःचे चर्च नव्हते आणि ते टेकड्या ओलांडून इथेच येत. शेवटच्या प्रार्थना १९४९ च्या सुमारास झाल्या, आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला.

त्या पडक्या चर्चची भिंत म्हणजे या गावाची सर्वांत प्रामाणिक जनगणना आहे. बाराव्या-तेराव्या शतकात लोक वाढले तेव्हा मूळ भिंतीत कमानी पाडून दोन्ही बाजूंना दालने जोडली. पुढे लोक घटले तशी ती दालने पाडली आणि कमानी चिणून टाकल्या. कमानीची वळणदार कड भिंतीत अजून शाबूत आहे आणि तिच्या पोटात भरलेले दगड निराळ्या घडणीचे दिसतात. कोणा अधिकाऱ्याने न मोजलेली वाढ आणि घट गवंड्याने तिथे नोंदवून ठेवली.

चर्चच्या आवारात सुमारे सातशे माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांच्या रासायनिक तपासणीतून कळले, की इथल्या आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. पण जगभर बातमी झाली ती दुसऱ्याच हाडांची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान दहा माणसांच्या १३७ हाडांवर सुरीच्या आणि जळाल्याच्या खुणा आढळल्या. मेलेले उठून त्रास देतील या भीतीने प्रेते तोडून जाळली असावीत, हा अभ्यासकांना त्यातल्या त्यात पटणारा अर्थ. माणूस कुठल्या मातीवर वाढला हे सांगणाऱ्या, दातांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून दिसले की ही माणसे परकी नव्हती, याच परिसरात वाढलेली होती. वर्तमानपत्रांनी साहजिकच चालत्या प्रेतांवर मथळे दिले. दीड वर्ष मूल अंगावर पाजण्याला मथळा मिळाला नाही, तरी हे गाव शेकडो वर्षे टिकले त्यात त्याचाही वाटा असावा.

साथीच्या प्रश्नावर सर्वांत वजनदार पुरावा ओसाड गावांतून आलेला नाही, तो नांदत्या गावांतून आला. करेन्झा लुईस या पुरातत्त्वज्ञ बाईंनी पूर्व इंग्लंडमध्ये गावकऱ्यांना आणि शाळकरी मुलांना हाताशी धरून लोकांच्या अंगण-परसांत एक मीटर चौरस खड्डे घेतले. दहा दहा सेंटिमीटरचा थर काढायचा, माती चाळायची, प्रत्येक खापर त्या थराच्या पिशवीत टाकायचे, की पुढचा थर. ५५ वस्त्यांत मिळून असे सुमारे दोन हजार खड्डे झाले. चौदाव्या शतकाआधीच्या खापरांशी तुलना केली तर नंतरच्या काळातले प्रमाण सरासरी ४५ टक्क्यांनी घसरलेले निघाले. खापर म्हणजे माणूस नव्हे. भांडी वापरायची सवय बदलली तरी आकडा हलतो. तरीही घसरण इतक्या गावांत आणि इतकी मोठी आहे, की साथीने झालेल्या नुकसानाबद्दल शंका उरत नाही.

आणि हीच माहिती माझ्या मुद्द्याच्या बाजूने उभी राहते. खापरांवरून पाहता ही गावे जवळपास निम्मी झाली होती, तरी ती आज नांदती आहेत. ज्यांच्या परसांत खड्डे घेतले ते लोक तिथे राहतात म्हणूनच हा अभ्यास होऊ शकला. निम्मी माणसे गमावूनही गाव जगते, जर उरलेल्यांना जमिनीवर टिकण्याचा हक्क असेल आणि नव्याने येणाऱ्याला रिकामे घर मिळत असेल.

१५१७ च्या चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले ते एवढेच: किती नांगर बंद पडले, किती घरे गेली, केव्हा आणि कोणाच्या हातून. ते विचारले म्हणून निदान चार घरांची नोंद झाली, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो. आधीच्या सव्वीस घरांबद्दल कोणी विचारले नाही आणि वॉरममध्ये आणखी कितीही खणले तरी त्यांचा पत्ता लागणार नाही. ती माणसे तिथे नाहीत. त्यांचा माग काढायचा तर जिथे ती पोचली असतील तिथे खणले पाहिजे: थिक्सेनडेलच्या परसांत, माल्टनसारख्या बाजारगावात, यॉर्कच्या बकाल गल्ल्यांत, जिथे पंधराव्या शतकाच्या थरात खापरे अचानक वाढलेली दिसतील तिथे. त्या काळच्या दफनभूमीतल्या दातांत खडूच्या टेकड्यांवरचे बालपण सापडू शकते. ते तंत्र आता हाताशी आहे. ओसाड गावठाणांवर जेवढे उन्हाळे खर्च झाले, त्यातले काही तरी आता या वाढलेल्या गावांच्या वाट्याला यायला हवेत.